स्लॅब पडण्याआधी विचारा

इंद्रवेल्ली, उटनूर, गुडिहत्नूर आणि पलीकडे किनवट-माहूरपर्यंतच्या मराठी वाचकांना ही विनंती आहे. ज्यांच्या घरातलं कुणी हैदराबादला नोकरी करतं आणि ज्यांनी तिथे उंच इमारतीत फ्लॅट बुक केला आहे किंवा करायच्या विचारात आहेत, त्यांनी ती जरूर वाचावी. कापसाचे पैसे, शेताचा एखादा तुकडा, मुलाच्या पगारावर काढलेलं वीस वर्षांचं कर्ज, असं सगळं घालून आपण ते घर घेतो. कार्पेट किती, पार्किंग कुठे, ताबा कधी, हे सगळं विचारतो. पण मे महिन्यात हे घर गार कसं राहणार, हे बहुतेक कुणी विचारत नाही. बिल्डर म्हणतो, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय. तेवढ्यावर आपलं समाधान होतं.

हा प्रश्न विचारायची एक वेळ असते. इमारतीचे नकाशे पक्के व्हायच्या आधी, आणि फार तर तुमच्या मजल्याचा स्लॅब पडायच्या आधी. त्यानंतर हातात उरतं ते भिंतीला भोकं पाडून डबे टांगणं आणि जन्मभर वीजबिल भरणं. आज कोकापेट, नरसिंगीकडे चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे राहताहेत. त्यांतले बरेचसे अ‍ॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओततात, ज्याला साइटवर ‘मायव्हान’ म्हणतात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटचे. काम झपाट्याने होतं, आठ-दहा दिवसांत एक मजला उठतो. पण पाच-सहा इंची काँक्रीटची भिंत उन्हाला अडवत नाही. दिवसभर तापते आणि रात्रभर आत उष्णता सोडते. आपल्याकडच्या मातीच्या जाड भिंतीच्या, कवेलूच्या घरात वाढलेला माणूस त्या खोलीत पहिल्या उन्हाळ्यातच म्हणतो, रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम लागते. ते अगदी खरं असतं.

अशा इमारती गार करण्याची एक रीत जगात रुळलेली आहे आणि तेलंगणात ती तपासून झाली आहे. स्लॅब ओतण्याआधी त्याच्या सळयांना प्लास्टिकच्या बारीक नळ्या बांधायच्या, वरून काँक्रीट टाकायचं, आणि मग त्या नळ्यांतून गार पाणी खेळवायचं. छत स्वतःच गार होतं आणि खाली बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता ओढून घेतं. थंडीच्या देशात त्याच नळ्यांतून कोमट पाणी सोडतात, म्हणजे खोली उबदार होते. जाहिरातीत याला रेडियंट कूलिंग आणि रेडियंट हीटिंग म्हणतात.

हवा गार न करता माणूस गार कसा होतो, अशी शंका येईल. केसलापूरच्या नागोबा जत्रेला पौष अमावस्येच्या सुमारास जे रात्री मुक्कामाला राहिले असतील, त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. शेकोटीपुढे बसलं की छाती भाजते आणि पाठ गारठते. चारी बाजूंची हवा तर सारखीच थंड असते. म्हणजे आगीची ऊब हवेतून नाही, सरळ किरणांनी अंगावर येते. उलट्या बाजूनेही हेच चालतं. आपलं अंग सतत भोवतालच्या भिंतींना, छताला उष्णता देत असतं. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून जी उष्णता बाहेर जाते, तिच्यातली साधारण निम्मी अशी किरणांनीच जाते. छत टिनाचं असेल आणि मे महिन्यात तापलेलं असेल, तर अंगातली उष्णता जाणं सोडाच, वरून उलट येत राहते. पंखा कितीही फिरवा, जीव कासावीस होतो तो म्हणूनच. छत एकवीस-बावीस अंशांवर ठेवलं, तर खोलीतली हवा सव्वीस-सत्तावीस अंशांवर असूनही माणसाला बरं वाटतं.

यात वीज वाचते ती दोन कारणांनी. एक घनमीटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं, तेवढी नेण्यासाठी सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. मोठे पंखे लावून हवा ढकलण्यापेक्षा लहान पंपाने पाणी फिरवणं स्वस्त पडतं. दुसरं असं की, नेहमीच्या सेंट्रल एसीला सहा-सात अंशांचं पाणी लागतं. इथे पंधरा-सोळा अंशांचं पुरतं. पाणी जितकं कमी गार करायचं, तितकं यंत्रावर ओझं कमी.

आता पुरावा. हैदराबादच्या पूर्वेला वरंगल रस्त्यावर पोचारम इथे इन्फोसिसचं आवार आहे. तिथल्या एका कार्यालयीन इमारतीचे २०११मध्ये मुद्दाम दोन सारखे भाग करण्यात आले. एकात चांगल्या प्रतीचा नेहमीचा सेंट्रल एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्या. भिंती सारख्या, खिडक्या सारख्या, काम करणारी माणसंही जवळपास तेवढीच. मीटर मात्र वेगळे. वर्षभराच्या मोजणीत एसीच्या भागाला प्रत्येक चौरस मीटरमागे ३८.७ युनिट वीज लागली, नळ्यांच्या भागाला २५.७. म्हणजे तिसरा हिस्सा वीज वाचली. उभारणीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच आला, आणि नळ्यांच्या भागात बसणारे लोक तिथल्या हवेबद्दल जास्त समाधानी निघाले. आपल्याच राज्यात, आपल्याच उन्हात, शेजारी-शेजारी ठेवून केलेली ही तुलना आहे. कुणी म्हणालं की हे सगळं युरोपातलं, आपल्याकडे चालत नाही, तर पोचारमचं नाव घ्या.

पण घाई करू नका. पोचारमच्या त्या इमारतीत नळ्या घालण्याआधी आणखी एक गोष्ट केली होती, आणि तीच बहुतेक लोक सांगायला विसरतात. ऊन आतच येऊ दिलं नव्हतं. भिंतींना उष्णता अडवणारा थर, बेताच्या खिडक्या, खिडक्यांवर सावली. हे का लागतं ते एका खोलीच्या हिशेबाने पाहू. बारा चौरस मीटरची झोपायची खोली आहे. गार छत प्रत्येक चौरस मीटरमागे साठ-सत्तर वॅट उष्णता ओढतं, म्हणजे अख्खं छत मिळून सातशे-आठशे वॅट. आता त्याच खोलीच्या पश्चिमेला तीन चौरस मीटरची उघडी काच असेल, तर मेच्या दुपारी तिच्यातूनच हजार-दीड हजार वॅट आत येतात. छत एकटं पुरं पडणारच नाही. काच हवी तर काचेच्या बाहेर सावली हवी. छज्जा, गॅलरी, सरकते पडदे, काहीही. खोलीच्या आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

त्यामुळे बिल्डरला पहिला प्रश्न नळ्यांचा विचारू नका, भिंतीचा विचारा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८मध्ये राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा एक आकडा ठरवला आहे, त्याला आरईटीव्ही म्हणतात. उष्ण प्रदेशात तो चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये, असं संहिता सांगते. तुमच्या इमारतीचा आरईटीव्ही किती आला, असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. आकडा देता आला नाही, तर समजा की हिशेबच केलेला नाही. तो हिशेब न करणाऱ्याने नळ्या घालून देतो म्हटलं, तरी मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

आता अडचणीच्या जागेकडे येऊ. ती पावसाळ्यात आहे. आपल्याकडचा कूलर मे महिन्यात जीव वाचवतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. हवेत बाष्प भरलेलं असतं. स्लॅबच्या नळ्यांनाही हे बाष्पच नडतं. सव्वीस अंशांच्या हवेत आर्द्रता साठ टक्के असेल, तर साडेसतरा अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. हवा अठ्ठावीस अंशांची आणि आर्द्रता ऐंशी टक्के असेल, म्हणजे आपला नेहमीचा श्रावण, तर चोवीस अंशांवरच दव धरतं. अशा दिवशी खिडकी उघडी ठेवून छत वीस अंशांवर नेलं, तर वरून थेंब टपकतील, रंग फुगेल, बुरशी येईल.

कार्यालयात हे सांभाळता येतं. खिडक्या बंद असतात, बाहेरची हवा आधी एका यंत्रातून कोरडी करून आत सोडतात, देखरेखीला पगारी माणूस असतो. घरात तसं नसतं. घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, आंघोळीची वाफ निघते, फरशी पुसली जाते, पावसाळ्यात दोरीवर कपडे आतच वाळतात, आणि आई सकाळी उठल्या-उठल्या सगळ्या खिडक्या उघडते. तिने उघडाव्यातच. म्हणून घरासाठी ही रीत घेताना मी दोनच वाटा सुचवतो.

पहिली वाट पूर्ण व्यवस्थेची. कोरडी केलेली ताजी हवा प्रत्येक फ्लॅटला डक्टमधून येते, खिडकी उघडली की त्या खोलीच्या नळ्यांतलं पाणी आपोआप बंद होतं, आणि दव धरायच्या आत पाण्याचं तापमान वर नेणारे सेन्सर असतात. दमट हवेतही हे चालतं. चीनमधल्या ग्वांगझूला ७१ मजल्यांचा पर्ल रिव्हर टॉवर उभा आहे. तिथली हवा आपल्या श्रावणाहून दमट, आणि छताचे गार पॅनेल तिथे आहेत. २००६मध्ये सुरू झालेल्या बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर फरशीखालून गार पाणी फिरतं. पण अशा व्यवस्थेवर सतत लक्ष ठेवणारे तंत्रज्ञ लागतात. तुमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर माणूस यायला दोन दिवस लागत असतील, तर ही वाट धरू नका.

दुसरी वाट साधी आहे आणि मला आपल्या लोकांसाठी तीच जास्त पटते. नळ्या स्लॅबमध्ये घालायच्या, पण पाणी गार करायला एसीचं यंत्र न लावता गच्चीवर फक्त कूलिंग टॉवर ठेवायचा. कूलरचंच तत्त्व, फक्त गार झालेली हवा घरात न आणता गार झालेलं पाणी स्लॅबमधून फिरवायचं. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतानाही हे पाणी सव्वीस ते अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरतं. एरवी मेच्या रात्री पस्तीसच्या पुढे गेलेला काँक्रीटचा स्लॅब तिशीच्या खाली राहिला, तर पंख्याखाली झोप लागते. आणि पाणी पंचवीसच्या खाली जाऊच दिलं नाही, तर श्रावणातही छताला दव धरत नाही. सेन्सर, खिडकीची बटणं, काही लागत नाही. ज्या दिवसांत फारच उकडतं, त्या दिवसांसाठी झोपायच्या खोलीत एक लहान एसी ठेवा. गार छताच्या खोलीत तो थोडा वेळच चालतो. इथले काही अभियंते या रीतीला स्ट्रक्चर कूलिंग म्हणतात.

कूलिंग टॉवर पाणी पितो, हे मात्र लक्षात ठेवा. एक लिटर पाणी उडून गेलं की पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता नेतं. हैदराबादला एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात. पिण्याचं पाणी असं उडवणं पाप आहे. मोठ्या इमारतीत सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र असतंच. त्यातलं पाणी नीट गाळून, क्षार काढून टॉवरला वापरायचं, अशी अट सुरुवातीलाच घालून घ्या.

आता उंचीबद्दल, कारण दुमजली घरात जे चालतं ते चाळीस मजल्यांवर जसंच्या तसं चालत नाही. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच झाला की खाली एक बार दाब वाढतो. तीन मीटरचे तीस मजले म्हणजे नव्वद मीटर, म्हणजे तळमजल्यावरच्या नळीवर फक्त उंचीचाच नऊ बार दाब, पंपाचा वेगळा. ज्या नळ्या आणि जोड एका मजल्याच्या कामासाठी बनले आहेत, त्यांना इतका दाब सोसवत नाही. म्हणून उंच इमारतीचे उभे भाग पाडतात. काही मजल्यांचा एक गट, त्याचं पाणी वेगळं, आणि मुख्य पाण्याशी त्याची गाठ फक्त धातूच्या पातळ पत्र्यांच्या एक्स्चेंजरमधून. एका बाजूचं गारपण दुसऱ्या बाजूला जातं, दाब जात नाही. इमारतीचे दाबाचे भाग किती आणि कोणत्या मजल्यांवर, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर समोरच्याला लगेच कळेल की हा माणूस माहिती घेऊन आला आहे.

नळीचं काम पाहायची संधी मिळाली तर जरूर जा. मुलाला म्हणा, रविवारी मला साइटवर घेऊन चल. नळी पेक्स नावाच्या प्लास्टिकची असते, बहुधा सोळा किंवा वीस मिलिमीटरची, आणि दीड-दोनशे मिलिमीटर अंतरावर वळसे घेत सळयांना बांधलेली दिसते. तिच्यावर प्राणवायू आत न येऊ देणारा थर हवा, नाहीतर पंप आणि लोखंडी भाग आतून गंजतात. बारा चौरस मीटरच्या खोलीला सुमारे ऐंशी मीटर नळी लागते, आणि ती एकसंध हवी. काँक्रीटच्या आत जोड म्हणजे पुढची गळती ठरलेली. सगळे जोड बाहेर, प्रत्येक फ्लॅटच्या एका पेटीत, जिथे हात पोचतो. काँक्रीट टाकण्याआधी नळीत सहा बारपर्यंत दाब भरून ठेवतात आणि ओतकाम चालू असताना दाबमापकाकडे पाहत राहतात. व्हायब्रेटरचा धक्का बसून किंवा कुणाच्या पायाखाली येऊन नळी फुटली तर काटा लगेच पडतो, आणि ओलं काँक्रीट असतानाच ती दुरुस्त करता येते. दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही.

ओतण्याआधी प्रत्येक खोलीच्या नळ्यांचे मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो मागून घ्या आणि फ्लॅटच्या कागदांसोबत जपून ठेवा. राहायला आल्यावर लोक काय करतात? झुंबर लावायला, फॉल्स सीलिंग करायला, झोपाळ्याचा हुक बसवायला छतात ड्रिल मारतात. एक भोक चुकलं तर खालच्या-वरच्या दोन घरांचा संसार भिजतो. पंख्याचे आणि हुकांचे सगळे बिंदू आधीच ठरवून तिथून नळी वळवून न्यावी लागते. फॉल्स सीलिंग तर करूच नका. गार छत झाकलं की सगळा खटाटोप फुकट.

याच ठिकाणी आपल्या तरुणांना एक सांगणं. आपल्याकडची पोरं हैदराबादला सेंट्रिंगला जातात, प्लंबिंगला जातात, आणि वर्षानुवर्षं हेल्परच राहतात. पेक्स नळीचं काम, दाबाची चाचणी, पेटीतल्या व्हॉल्व्हमधून पाणी वाटून देणं, हे शिकायला पदवी लागत नाही. आयटीआयचं प्लंबर किंवा रेफ्रिजरेशनचं प्रशिक्षण झालेल्या मुलाला ते चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली येतं. असे कसबी हात कमी आहेत, म्हणूनच बिल्डर या कामाला बिचकतात. आयटीआयमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे कानावर ठेवावं.

पैशाचं एक स्पष्ट करून घ्या. पाणी सगळ्या इमारतीचं एकच असेल, तर कुणी किती गारवा वापरला ते कसं मोजणार? प्रत्येक फ्लॅटच्या पेटीत उष्णतेचा मीटर बसवता येतो. किती पाणी गेलं आणि किती तापून परत आलं यावरून तो हिशेब करतो. तो नसेल आणि खर्च चौरस फुटावर वाटला जात असेल, तर बंद फ्लॅटचा मालक आणि दिवसभर घरी असलेले म्हातारे आईवडील यांच्यात भांडणं होणारच. देखभालीचा करार किती वर्षांचा, पंप बिघडला तर किती तासांत माणूस येणार, हेही विक्रीच्या करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर आपल्या लोकांनी आजवर पुष्कळ गमावलं आहे.

ज्यांचा फ्लॅट आधीच ताब्यात आहे, त्यांच्या स्लॅबमध्ये आता नळ्या जाणार नाहीत. छताखाली टांगायचे पॅनेल मिळतात, पण एकट्या फ्लॅटला ते परवडणं कठीण, आणि पावसाळ्याची अडचण तीच. त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीबाहेर सावली करा आणि वरचा मजला असेल तर गच्ची पांढरी करून घ्या. तेलंगणाने एप्रिल २०२३मध्ये ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केलं. २०२८पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छपरं ऊन परतवणारी करायची, त्यातली शंभर हैदराबादच्या बाहेर, असं त्यात ठरलं. खर्चाचा अंदाज तेव्हा चौरस मीटरला सुमारे ३०० रुपये सांगितला होता. सहाशे चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या घरांना ते सक्तीचं आहे. पण इंद्रवेल्लीतल्या लहानशा टिनाच्या घराला त्याची गरज सगळ्यांत जास्त. सक्तीची वाट न पाहता ते करून टाका.

आता थंडीबद्दल. कोरियात ऊब फरशीखालून द्यायची जुनी पद्धत आहे, आणि आज तिथल्या वीस-तीस मजली इमारतींत प्रत्येक घराच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. कॅनडातल्या विनिपेगमध्ये, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पस्तीसपर्यंत जातो, मॅनिटोबा हायड्रो या वीज कंपनीची बावीस मजली इमारत २००९पासून काँक्रीटच्या छतातल्या नळ्यांनी हिवाळ्यात तापते आणि उन्हाळ्यात निवते. त्यासाठी जमिनीत खोल विंधनं घेऊन मातीतलं तापमान वापरलं आहे. पण हैदराबादच्या फ्लॅटला हीटिंग लागत नाही. बिल्डरने त्याचे वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

हीटिंगची गरज आहे ती आपल्या इथे. सगळ्या तेलंगणात थंडी सर्वांत जास्त पडते ती आपल्या एजन्सीच्या, म्हणजे आदिवासी पट्ट्यातल्या, गावांत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. आणि या थंडीत आपल्या आश्रमशाळांतली मुलं झोपतात, पुष्कळदा जमिनीवर अंथरूण घालून. फरशीच त्यांचा पलंग असते. उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेकडून (आयटीडीए) आश्रमशाळेची नवी इमारत मंजूर होते तेव्हा फरशी टाकण्याआधी तिच्याखाली नळ्या घालायला काय हरकत आहे? माणसाच्या पायाखालची फरशी एकोणतीस अंशांहून गरम असूच नये, म्हणजे नळीत तीस-पस्तीस अंशांचं पाणी पुरतं. ते सौर बंबातून सहज मिळतं. ढोबळ हिशेबाने साठ चौरस मीटरच्या शयनगृहाला रात्रभर मंद ऊब द्यायला दहा-बारा चौरस मीटरची सौर पॅनेलं आणि हजार लिटरची झाकलेली टाकी लागेल. नळ्यांच्या खाली उष्णता अडवणारा थर टाकायचा, म्हणजे ऊब जमिनीत उतरत नाही. तळमजल्याची इमारत असल्याने उंचीच्या दाबाचा प्रश्नच नाही, आणि हिवाळ्यात फरशीला दव धरायची भीतीही नाही. मनोऱ्यातल्या श्रीमंत फ्लॅटपेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे.

तोवर एक मात्र कृपा करून पाळा. कडाक्याच्या थंडीत खोलीची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. दारा-खिडक्यांच्या फटी बुजवा, जमिनीवर आधी गवताचा किंवा पोत्यांचा जाड थर घालून मग अंथरूण टाका, आणि विस्तव घराबाहेर ठेवा.

इंद्रवेल्ली मंडलात पुढच्या आश्रमशाळेचा किंवा वसतिगृहाचा विषय ग्रामसभेत आला, की उभे राहून एवढंच म्हणा: फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आणि छतावर सौर बंब, हे अंदाजपत्रकात आधीच धरा. ठराव लिहिताना तो मुद्दा वगळला जात नाही ना, हे तिथेच बसून पाहा, आणि ठरावाची एक प्रत घेऊनच घरी या.